रुकय्याबीच्या घरातले उपास

भिवंडीत आम्हाला खोली देताना रुकय्याबीने आमची जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, किती माणसं राहणार तेही विचारलं नाही. ओट्यावर बसून ती तांदूळ निवडत होती. सुपातून नजर न काढता तिने मला विचारलं, "उपास करता?"

मी गोंधळले. मला वाटलं, ही काहीतरी आडून विचारते आहे.

"करते," मी म्हणाले. "चतुर्थी, श्रावणातले सोमवार."

"आणि हे?" तिने हनुवटीने आमच्या ह्यांच्याकडे खूण केली.

"जमेल तसा," हे म्हणाले.

"जमेल तसा म्हणजे न्हाय." रुकय्याबीने एक खडा उचलून गटारात टाकला. "चालेल. पण मग न्हाय बोला. जमेल तसा बोलू नका."

आम्हाला माडीवरची खोली मिळाली.

मी तेव्हा नगरपालिकेच्या मराठी शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि हे नारपोलीला सुताला खळ देणाऱ्या एका सायझिंगच्या कारखान्यात ऑफिसात होते. सत्तर सालची दंगल होऊन चार-पाच वर्षं उलटली होती. भिवंडीत 'सत्तर साल' एवढंच म्हटलं की पुढचं कुणी विचारत नसे. माझा भाऊ मात्र साताऱ्याहून मुद्दाम विचारायला आला. "भिवंडीत राहताय ते राहताय, पण मुसलमानाच्या घरात?" तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की गल्लीत अर्धी घरं आपली, अर्धी त्यांची, आणि मालकीण म्हातारी एकटीच आहे. तो जिना उतरत होता तेवढ्यात रुकय्याबीने त्याला गाठलं आणि आज कुठला वार म्हणून विचारलं. "गुरुवार," तो म्हणाला. "उपास?" तिने विचारलं. भाऊ दत्ताचे गुरुवार करत असे. तो हो म्हणाला. "मग स्टँडवर चहावाला पाव देईल, तो खाऊ नका," ती म्हणाली. माझ्या भावाने साताऱ्याला जाऊन काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

रुकय्याबी साठीला आलेली, उंच आणि काटकुळी बाई. घराणं कोकणी मुसलमानांचं, पिढ्यान् पिढ्या भिवंडीतलं. घरात पांढरी ओढणी, बाहेर पडताना काळा बुरखा, आणि दोन्हींतून सारखाच ऐकू येणारा खणखणीत आवाज. नवऱ्यामागे तिने नारपोलीत दोन लूम चालवले होते. ते सत्तर साली जळले. हे ती मला एकदाच बोलली. पत्र्याचं शेड दुरून दाखवून, "तिथं माझे लूम होते," म्हणाली आणि लगेच विचारलं, "भेंडी काय भावाने घेतलीस?" मी भेंडीचा भाव सांगितला. दुसरं काही बोलायला तिने जागाच ठेवली नव्हती.

नमाज, रोजे ती इतक्या काटेकोरपणे करी की मशिदीतली माणसंही तिला दबून असत. पण तिचं काटेकोरपण स्वतःपुरतं नव्हतं. तिच्या छपराखाली राहणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या त्याच्या देवाला जे कबूल केलं असेल ते पाळलंच पाहिजे, यावर तिची देखरेख असे. "तुझा देव तुझ्यापाशी," ती म्हणे. "पण वायदा माझ्या घरात केलास ना? मग तो मोडला तर बरकत माझ्या घरातली जाते."

पहिल्या संकष्टीला मी साबुदाण्याची खिचडी केली. तुपाचा आणि जिऱ्याचा वास जिन्यावरून खाली गेला असावा. रुकय्याबी वर आली.

"कोणी पाहुणे?"

"नाही. उपास आहे."

तिने ताटात पाहिलं. खिचडी होती, बटाट्याची भाजी होती, रताळ्याच्या गोड फोडी होत्या, दही होतं, केळं होतं. तिने एकेक पदार्थ बोटाने मोजला.

"हा उपास हाय," ती सावकाश म्हणाली, "तर तू जेवतेस तेव्हा काय खातेस?"

मी तिला समजावलं की आमच्या उपासात धान्य चालत नाही, हे सगळं चालतं. तिने ते अगदी मनापासून ऐकून घेतलं. काय चालतं आणि काय नाही, सगळं विचारलं. साबुदाणा हो, तांदूळ नाही. वरी हो, गहू नाही. मीठ हो, हळद नाही. जिरं हो, मोहरी नाही. कोथिंबिरीपाशी गाडी अडली. माझ्या माहेरी चालत असे. पण शाळेतल्या माझ्या सोबतीण बाई कोथिंबीर खात नसत. ती दोन मतं ऐकून रुकय्याबीला फार बरं वाटलं.

"म्हणजे तुमच्यात पण फिरके हायत, वेगवेगळे पंथ," ती म्हणाली.

त्यानंतर माझी सुटका नव्हती. पुढच्या चतुर्थीला सवयीने मी बटाट्यात चिमूटभर हळद टाकली. ती दारातूनच म्हणाली, "पिवळा दिसतो गं बटाटा." मी ती भाजी ह्यांच्या डब्यात भरली आणि दुसरी केली. श्रावणी सोमवारी मी चौथा चहा ठेवला की खालून आवाज येई, "मास्तरीणबाई, स्टो पेटला वाटतं." एकदा मी चिडून तिला विचारलं, "रुकय्याबी, माझा उपास तुमच्या अल्लाला पोचतो का, एवढं सांगा. मग मी चहा सोडते."

माझी अपेक्षा होती की ती उडवाउडवीचं काहीतरी बोलेल. ती बसली. ओढणी सारखी केली. बराच विचार केला.

"मला ठाऊक न्हाय," ती म्हणाली. "ते खातं माझ्याकडे न्हाय. पण भूक लागली असताना समोरचं खात न्हाय माणूस, ते कोणीतरी बघतोय असं वाटतं म्हणूनच ना? तुला कोण बघतो ते तू बघ. मी तुझा चहा बघते."

मी चहा सोडला नाही, पण दोनवर आणला.

एका वर्षी अधिक महिना आल्यामुळे श्रावण पुढे सरकला आणि रमजान मागे मागे येत बरोबर त्यावर येऊन बसला. दोन्ही महिने एका अमावास्येनंतर सुरू झाले. रुकय्याबीच्या दृष्टीने याहून चांगला योग नव्हता. अख्खं घर एकदम उपासाला. पहिल्याच सोमवारी पहाटे तिने झाडूच्या दांड्याने खालून आमच्या खोलीच्या फळ्या ठोकल्या. हे दचकून उठले, त्यांना वाटलं गावात काही झालं. मी खिडकीतून विचारलं, "काय झालं?"

"उठा. खाऊन घ्या. उजाडायला आलं."

आमच्यात पहाटे उठून खायचं नसतं, दिवसभर मधे मधे खायचं असतं, हे मी तिला खिडकीतून सांगितलं. खाली झाडू कोपऱ्यात ठेवल्याचा आवाज आला. मग ती स्वतःशीच म्हणाली, "सोपं हाय मग."

ह्यांना बाहेर मटण-मासे चालत, पण श्रावण पाळायचा असा घरचा रिवाज होता. हे कारखान्याला जाताना मी त्यांना त्याची आठवण करून देत असे आणि तेही मान हलवत. पण सायझिंगच्या रस्त्यावर एक हॉटेल होतं आणि त्याचा खिमा-पाव सगळ्या नारपोलीत नावाजलेला होता. रमजानात मालक दिवसा पुढचं दार लावून घेई आणि मागच्या दाराने गिऱ्हाईक करी. एका दुपारी हे मागच्या दाराशी बाकावर बसून खिमा-पाव खात होते. शेजारून एक बुरखेवाली बाई जात होती. ती थांबली.

"श्रावण चालू हाय ना?"

ह्यांनी वर पाहिलं. बुरख्यात कोण आहे ते कळेना. पण घाबरल्यावर माणूस खरं बोलतो तसे ते म्हणाले, "हो."

"आणि हे काय हाय?"

"खिमा."

"बरं," ती म्हणाली आणि निघून गेली. आवाज ओळखीचा आहे हे ह्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांच्या हातात शेवटचा घास होता. तो त्यांनी खाल्ला की टाकला हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

रुकय्याबीने मला काही सांगितलं नाही. तिला दुसराच पेच पडला होता. तिच्यात रोजा जाणूनबुजून मोडला तर त्याची भरपाई ठरलेली असते, गरिबांना जेवू घालावं लागतं. तुमच्यात काय शिक्षा असते, असं तिने ह्यांना जिन्यावर गाठून विचारलं. ह्यांना माहीत नव्हतं. "गुन्हा ठाऊक आणि सजा ठाऊक न्हाय, असं कसं चालेल?" ती म्हणाली. "विचारायला लागेल कोणालातरी."

विचारायला माणूस त्याच आठवड्यात गावाहून आलं. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच खोलीत गणपती बसवणार होतो. रुकय्याबीला आधी विचारलं होतं. "तुझ्या खोलीत तुझा देव," ती म्हणाली होती. "नमाजच्या वेळेला जिन्यात टाळ वाजवायचे न्हाय, एवढंच." सगळं रीतसर व्हावं म्हणून माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणत असे, श्रावणातच येऊन दाखल झाल्या. आत्याबाई माळकरी. ज्या घरात मांस शिजतं तिथलं पाणीसुद्धा त्या घेत नसत. घर मुसलमान बाईचं आहे हे ह्यांनी पत्रात लिहायचं टाळलं होतं. त्यामुळे एस.टी.तून उतरून दमलेल्या आत्याबाई ओट्यावर टेकल्या, रुकय्याबी तांब्या घेऊन आली, आणि हे पिशव्या उचलून जिन्याकडे वळले.

आत्याबाईंनी ओढणीकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. "राग धरू नगा बाई," त्या म्हणाल्या, "पर म्या कुणाच्या हातचं पीत न्हाई. माळ हाय गळ्यात."

मी जमिनीकडे पाहू लागले.

"कोणाच्याच?" रुकय्याबीने विचारलं.

"कुणाच्याच न्हाई. ह्या सुनंच्या हातचं पन, ती आंघूळ केल्याबिगर चुलीपाशी गेली तर न्हाई."

रुकय्याबीने तांब्या खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी आजवर माझ्या एकाही उपासाने तिथे आणू शकले नव्हते. "मी पण कोणाच्या घरी खात न्हाय, बाय," ती म्हणाली. "बकरं कोणी जबह केलं ठाऊक नसलं तर माझ्या भाच्याच्या घरी पण न्हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ. याला बोलतात उपासाचं माणूस."

आमच्या शाळेत त्या काळी एकोप्यावर भाषणं होत. एकमेकांच्या घरी जेवावं, शीरखुर्मा खावा, पुरणपोळी द्यावी, असं पाहुणे सांगत. या दोन बायकांनी एकमेकींच्या घरचा पाण्याचा थेंब घेतला नाही आणि त्यांच्याइतकी घट्ट मैत्री मी त्या गल्लीत दुसरी पाहिली नाही. संध्याकाळी आत्याबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर आणि रुकय्याबी खालच्या पायरीवर बसत. बोलणं गुडघ्यांचं, मेलेल्या नवऱ्यांचं, आणि हल्लीच्या लोकांचा कशावर विश्वास उरला नाही याचं. पटत नसे ते तोंडावर सांगत. "दगडाला काय ऐकू येतं, बाय?" रुकय्याबी विचारी. "तुमाला तर दगूड बी न्हाई, मोकळ्या भिंतीकडं त्वांड करून बसता," आत्याबाई म्हणत. दोघींना आपापलं उत्तर बिनतोड वाटे आणि पुन्हा गुडघ्यांवर गाडी येई.

एका संध्याकाळी रुकय्याबीने हळूच विषय काढला. "बाय, समजा एका माणसाने श्रावणात खिमा खाल्ला. तुमच्यात काय करायचं त्याचं?"

आत्याबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "आमचा बापू न्हवं का?"

बापू म्हणजे आमचे हे. दाराआड उभे होते ते दाराआडच राहिले. दोघींनी मिळून शिक्षा ठरवली. एकीने आपल्यातली भरपाई सांगितली, दुसरीने आपल्यातलं प्रायश्चित्त, आणि त्यातून असं निघालं की श्रावण संपेपर्यंत ह्यांनी रोज संध्याकाळी मशिदीच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या भिकाऱ्यांना केळी वाटायची. ती मशिदीपाशीच का, असं ह्यांनी विचारलं. "तिथं मला दिसतं," रुकय्याबी म्हणाली. कारखान्यातून थकून आलेले हे केळ्यांचा घड घेऊन मशिदीपाशी उभे राहत. तिथल्या लोकांना वाटलं, माणूस फार भाविक आहे. इमामसाहेब त्यांना पाहून आदराने मान लववू लागले.

महिना संपत आला तसा गावात मात्र एक निराळाच घोर लागला. एकोणतिसावा रोजा झाला होता. त्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद आणि त्याच्या पुढच्या दिवशी गणेश चतुर्थी. नाही दिसला तर तिसावा रोजा, आणि ईद व गणपती एकाच दिवशी. सत्तर सालापासून मिरवणूक म्हटली की भिवंडीची दुकानं आधी बंद होत. नमाजाहून परतणारी गर्दी आणि गणपती आणणारी गर्दी एकाच सकाळी एकाच गल्लीत, हे कुणालाच नको होतं. हिंदू, मुसलमान, पोलीस, सगळ्या गावाला त्या संध्याकाळी चंद्र हवा होता. आणि आभाळ भरलेलं होतं.

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. रुकय्याबीने खजूर तोंडात टाकून, पाण्याचा घोट घेऊन पश्चिमेकडे तोंड केलं. दर वर्षी चंद्र पहिल्यांदा तिला दिसे असा लौकिक होता. पण अलीकडे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ते ती कबूल करत नव्हती. थोड्या वेळाने हे एकदम म्हणाले, "तो बघा."

"कुठे?"

"त्या धुराड्याच्या डावीकडे. ढगाच्या फटीत. नखाएवढा."

आम्ही सगळे धुराड्याकडे वळलो तोवर फट बुजली होती. ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ढग होता. "पण मी पाहिला," हे म्हणाले. "शप्पथ."

तेवढ्यात रुकय्याबीचा भाचा अनीस धापा टाकत वर आला. तो मोहल्ल्याच्या शांतता समितीवर होता. रुकय्याबी त्याची आत्या, तिला तो फुफी म्हणे. "फुफी, दिसला का? खाली इन्स्पेक्टर बसलाय, सगळे बुजुर्ग बसलेत. कोणाला दिसला न्हाय."

"जगतापभाईला दिसला," ती आमच्या ह्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली.

अनीसने ह्यांच्याकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. "त्यांची गवाही कशी चालेल? फुफी, तुम्ही बोला दिसला. तुमच्यावर कोण शक घेईल? अजून एक गवाह मी शोधतो. गाव वाचेल."

"मला दिसला न्हाय."

"पण त्यांना दिसला ना? चाँद तर एकच हाय."

"चाँद एक हाय. डोळे माझे हायत." ती पश्चिमेकडेच बघत होती. "महिनाभर भुकेली राहिली मी, ते शेवटच्या दिवशी खोटं बोलायला?"

अनीस माझ्याकडे, आत्याबाईंकडे मदतीसाठी पाहू लागला. आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई दिसला तर न्हाई दिसला, लेकरा." अनीसला दोन फुफ्या झाल्या होत्या.

शेवटी रुकय्याबीनेच ह्यांना पाठवलं. "जा तू. जे पाहिलंस ते सांग. खिमा खाल्ला तेव्हा खरं बोलला होतास, आता पण बोल."

मशिदीच्या अंगणात इमामसाहेबांनी ह्यांना खुर्ची दिली, चहा दिला. चंद्र कुठल्या बाजूला होता, टोकं कुठे वळलेली होती, सगळं विचारलं. केळी वाटणारा हा माणूस त्यांच्या माहितीतला होता. "भाई, मुझे यक़ीन है आपने देखा," ते म्हणाले. "मगर गवाह जमात के चाहिए, और दो चाहिए." इन्स्पेक्टर खुर्चीतून उठला. "दुसरा मी," तो म्हणाला. "आपने देखा?" इमामसाहेबांनी विचारलं. "पाहिला नाही," इन्स्पेक्टर म्हणाला, "पण फार गरज आहे हो." त्यावर इमामसाहेबांनाही हसू आवरेना. रेडिओवरही कुठून खबर आली नाही. तिसावा रोजा ठरला.

दुसऱ्या दिवशी हरतालिका होती. मी निर्जळी उपास धरला होता. रुकय्याबीचा रोजा होता, पण तिला चैन नव्हतं. जगतापभाईने चंद्र पाहिला असेल तर आज ईद, आणि ईदच्या दिवशी रोजा हराम. जमात म्हणते रोजा ठेवा. ती सकाळपासून ह्यांना विचारत होती. पतंग नव्हता ना? तार चमकली नसेल ना? तिसऱ्या खेपेला हे वैतागून म्हणाले, "नसेल दिसला. चष्म्यावर ओरखडा असेल."

"आता फिरू नकोस," ती म्हणाली. "पाहिला बोललास तर पाहिलास." दुपारी ती पश्चिमेकडे तोंड करून बराच वेळ बसली होती. नंतर मला म्हणाली, "सांगून टाकलं मी अल्लाला. मी जमातीबरोबर हाय. चूक असली तर तुझ्या नवऱ्याच्या चष्म्याची हाय."

मग तो दिवस उजाडला. गल्लीच्या दोन्ही टोकांना पोलीस, काठ्या घेऊन. ईदगाहवरून नमाज आटोपून माणसं परतू लागली. नवे कपडे, अत्तराचा वास, आणि तरीही सगळे खालच्या आवाजात बोलत होते. आमच्या माडीवर भटजी येऊन बसले होते. त्यांना पुढे अजून घरं करायची होती आणि ते मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होते. मूर्ती आणायला गेलेले हे गल्लीच्या तोंडाशी अडकले होते. हातात पाट, पाटावर रुमालाने झाकलेला गणपती. त्यांच्या मागे मंडळाची हातगाडी, मोठी मूर्ती, ढोलवाले. पोलीस कुणालाच आत सोडत नव्हते. गर्दीने गल्ली गच्च भरली होती आणि कुणी हलत नव्हतं. पलीकडच्या दुकानदाराने अर्धी उघडलेली फळी परत लावली, तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

भटजी उठले. "वेळ टळून चालली, मला निघावं लागेल," ते म्हणाले. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या जिना उतरून ओट्यापर्यंत गेल्या. "रुकयाबाई, येळ जातीय हो."

रुकय्याबी ईदची नवी ओढणी घेऊन बसली होती. "किती उरलाय?"

"भटजी थांबत न्हाई म्हनतोय."

ती उठली आणि गल्लीत उतरली. "अनीस," तिने हाक मारली, "भिंतीला लागा सगळे. वाट सोडा. वेळ जाते त्याची."

एक पोलीस पुढे आला. "बाई, तुम्ही मधे पडू नका."

"तुम्ही पण भिंतीला लागा," ती म्हणाली. "नमाजची वेळ ठरलेली असते ना? तशी याची पण असते. वेळ गेली की काय करायचं त्याचं?" मग गर्दीकडे वळून, "तुमची झाली ना नमाज वेळेत? मग दुसऱ्याचा वेळ का खाता?"

तो आवाज त्या गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाने लहानपणापासून ऐकलेला होता. पहिल्यांदा अनीस भिंतीला टेकला. मग त्याच्या शेजारचे. दोन्ही बाजूंना नवे सदरे चुन्याच्या भिंतींना चिकटत गेले आणि मधे एका हातगाडीपुरती वाट झाली. हे त्या वाटेने आले. पाट दोन्ही हातांत, चष्मा नाकावर घसरलेला. कुणीतरी हळूच "ईद मुबारक, जगतापभाई" म्हणालं. हात रिकामे नव्हते, म्हणून ह्यांनी मान हलवली. मग दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला, आणि केळी खाल्लेला पायऱ्यांवरचा एक म्हातारा सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. हे मान हलवत हलवतच आमच्या दारापर्यंत पोचले. त्यांच्यामागून मंडळाची हातगाडी आली. ढोलवाले इतके चकित झाले होते की त्यांनी ढोल वाजवलेच नाहीत. इन्स्पेक्टर टोपी काढून घाम पुसत होता.

मी माडीवरून रुकय्याबीला शोधलं. ती गल्लीत नव्हती. मूर्ती येते आहे असं दिसताच ती घरात गेली होती आणि तिने दार लोटून घेतलं होतं. संध्याकाळी मी तिला त्याबद्दल विचारलं. "ते मला पटत न्हाय," ती सरळ म्हणाली. "माझ्या नजरेने मी ते कशाला बघू? वेळेचं होतं ते मी केलं. भटजी थांबला ना?" भटजी थांबले होते. ती खूश झाली.

त्या दुकानदाराची फळी दिवसभर बंदच राहिली. गल्लीच्या टोकाच्या दोन घरांच्या खिडक्याही. सगळं गाव एका सकाळीत बदललं असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षी पोलीस थोडे कमी आले होते.

नंतर ह्यांना पुण्याकडे चांगली नोकरी मिळाली आणि आम्ही भिवंडी सोडायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक दुपारी गल्लीत लागला. भांडी, ट्रंका, लाकडी पलंग, सगळं चढलं. ड्रायव्हर जवळच्या वडपे गावचा होता. अंधार व्हायच्या आत घाट चढायचा म्हणून तो सारखा हॉर्न वाजवत होता. आम्ही निरोप घ्यायला खाली आलो तर रुकय्याबी नमाजाला उभी राहिलेली. दार उघडं होतं. आम्ही दोघं उंबऱ्यापाशी, तिच्या उजव्या बाजूला उभे राहिलो. हॉर्न वाजला. ती वाकली, उभी राहिली, खाली गेली, पुन्हा उठली. एकही हालचाल तिने घाईने केली नाही. ह्यांनी बाहेर जाऊन ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. त्याने आत डोकावून पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

नमाज संपताना मान आधी उजवीकडे वळवून सलाम म्हणतात, मग डावीकडे. त्या त्या बाजूला जे असतील, दिसणारे आणि न दिसणारे, त्यांच्यासाठी तो असतो, असं तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं. तिने मान उजवीकडे वळवली. तिला आम्ही दिसलो असणार. ओठ हलले. मान तिथे नेहमीपेक्षा किंचित जास्त थांबली असं मला वाटलं, पण ते मला वाटलं असेल. मग तिने मान डावीकडे वळवली, जिथे मोकळी भिंत होती, आणि दुआसाठी हात पुढे पसरून डोळे मिटले.

दुआ लांबली. आम्ही चपला घालून उभे होतो. बाहेर ड्रायव्हर ट्रकच्या दाराला टेकून बिडी ओढत होता, ती त्याने विझवली. तिचे डोळे उघडायची लक्षणं दिसेनात, तेव्हा ह्यांनी माझ्या हाताला धरलं आणि आम्ही निघालो. ट्रक गल्लीच्या तोंडाशी वळला तेव्हा मी मागे पाहिलं. दार उघडं होतं आणि आतल्या अंधारात तिचे दोन हात अजून तसेच वर धरलेले होते.